पाळोळेचं काणकोण बेट: ओहोटीत चालत जाता येतं, पण कुठल्या ओहोटीत?

इराणी_खण (रविवार, रात्री ९:५०)

मंडळी, गोव्याच्या सहलीवर इथं ढिगानं धागे पडलेत, त्यात आणखी एक कशाला, असं म्हणाल. पण हा दगडांचा धागा आहे. मासे, खोल्यांचे भाडे, स्कूटर याबद्दल मला विचारू नका.

दक्षिण गोव्यात काणकोण तालुक्यात पाळोळेचा किनारा आहे. चंद्रकोरीसारखा वळलेला, दोन्ही टोकांना दगडांचे ढीग. उत्तरेच्या टोकाला समुद्रात झाडीनं भरलेला एक उंचवटा दिसतो, ते काणकोण बेट. होडीवाले कोणी मंकी आयलंड म्हणतात, कोणी ग्रीन आयलंड. भरतीला चारी बाजूंनी पाणी, ओहोटीला चालत जाता येतं. मध्ये आतून येणारं खाडीचं पाणी ओलांडावं लागतं, तिथंच सगळी गंमत आहे.

गेल्या वर्षी मी तिथं फजीत पावलो. मोबाइलवर बघितलं, ओहोटी दुपारी पावणेबाराला. बरोब्बर साडेअकराला पाण्यात उतरलो. गुडघा, मांडी, कंबर. पुढच्या पावलाला खिशातला मोबाइल गेला. मागं फिरलो. काठावर जाळं निवडत बसलेल्या एका बाई हसत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, आज भांग आहे, पाणी सरणार नाही. मला वाटलं त्या भांगेबद्दल बोलतायत. कोल्हापूरच्या माणसाला दुसरी कुठली भांग माहीत असणार!

यंदा नीट ठरवून गेलो आणि सोबत वडिलांना घेतलं. आमच्या आप्पांनी चाळीस वर्षं दगड फोडला आणि घडवला. पाटे, वरवंटे, जाती, पायऱ्या, उंबरे. त्यांच्या हातून काळ्या दगडाशिवाय दुसरा दगड फारसा गेलाच नाही. त्यांना म्हटलं, चला, ३४० कोटी वर्षांचा दगड दाखवतो. ते म्हणाले, "कुणी मोजला?"

अडचण आली ती आईची. पाणी सर्वात जास्त सरतं ते अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, आणि सोयीचा शनिवार नेमका अमावास्येचा. शनिवार आणि वर अमावास्या! आईनं गाडीची किल्लीच लपवली. शेवटी तोडगा निघाला, की निघायचं शुक्रवारी, अमावास्येला गाडी हलवायची नाही, परत फिरायचं रविवारी. निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा, पुढं मडगाववरून काणकोण. आंबोलीला चहाला थांबलो ते धरून दिवस गेलाच.

शनिवारी दुपारी चारला पाण्यात उतरलो. जिथं गेल्या वर्षी कंबर भिजली, तिथं पाणी पोटरीला. पलीकडं ओल्या वाळूतून थेट दगडांवर. खरी कसरत तिथून पुढं. दगडांना कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. हिरव्या शेवाळावर पाय पडला की माणूस आडवा. आप्पा कापशीच्या चपला घालूनच आले होते, ऐकलं नाही. खाऱ्या पाण्यानं चामडं फुगलं, पट्टा सैल झाला, आणि ते एक चप्पल हातात, एक पायात असे बेटावर दाखल झाले.

आता दगड. राखाडी अंगावर पांढऱ्या आणि काळपट रेघा, पण सरळ नाहीत. घोंगडी पिळून वाळत घातली की तिच्या पट्ट्या कशा वाकतात, तशा. एके ठिकाणी या सगळ्या रेघांना आडवी कापत जाणारी बोटभर रुंदीची फिकट गुलाबी शीर होती. म्हणजे रेघा आधीच्या, शीर नंतरची. एवढं मलासुद्धा कळलं.

आप्पांनी एक सुटा गोटा उचलला आणि त्या दगडावर तीन ठिकाणी हळू ठोकला. कान लावून. आपला काळा दगड चांगला असेल तर खणखणतो, घरात पाटा घेताना ते असंच बघायचे. मग म्हणाले, "ह्यो आपल्यातला न्हवं. ह्याला टाकी लावली तर रेघंवर पापुद्रं सुटतील. पाटा काय हुणार न्हाई." पण हात काही काढला नाही. पंधरा मिनिटं ते रेघांवरून अंगठा फिरवत बसले होते. मी पाण्याकडं बघून घाबरत होतो आणि हे दगडाचा माल तपासत होते.

साडेपाचला परत फिरलो. फोटो उद्या टाकतो. ज्यांना दगडातलं आणि भरतीतलं कळतं त्यांनी भर घाला.

तांबडा_पांढरा (रविवार, रात्री १०:१२)

लई भारी भावा. पण आप्पांचा प्रश्न मलाबी पडलाय. कुणी मोजला? दगडावर काय तारीख कोरलेली असतीया?

आणि आईनं किल्ली लपवली हे वाचून आमच्या घरची आठवण झाली. आमच्याकडं अमावास्येला नवी बादलीसुद्धा वापरत नाहीत.

दगडी_मास्तर (रविवार, रात्री ११:०५)

तारीख असते, फक्त वाचायला यंत्र लागतं. मी भूगोल शिकवायचो, भूशास्त्र हा नाद, तेव्हा चूक दिसली तर सांगा.

त्या रेघांच्या दगडाला इंग्रजीत नाईस म्हणतात, आपल्याकडं पट्टिताश्म. मूळ खडक जमिनीत खोल दाबला, तापवला, पिळला गेला की त्यातली खनिजं पट्ट्यांनी वेगळी होतात. घोंगडी पिळण्याची उपमा त्यामुळं अगदी बरोबर बसली. पाळोळेच्या नाईसचा मूळ खडक ट्रॉन्ड्येमाइट. नॉर्वेतल्या ट्रॉन्हाइम शहराच्या जुन्या नावावरून हे नाव पडलं. यात क्वार्ट्‌झ आणि सोडियमवालं फेल्डस्पार भरपूर, पोटॅशियमवालं अगदी थोडं. पृथ्वीवरची पहिली खंडं ज्या मालाची बनली, त्यातला हा एक.

वय काढलं ते रुबिडियम-स्ट्रॉन्शियम पद्धतीनं. रुबिडियमचा एक प्रकार आपोआप बदलून स्ट्रॉन्शियम होतो, आणि इतका सावकाश, की त्यातला निम्मा बदलायला सुमारे ४,९०० कोटी वर्षं लागतात. पृथ्वीचं वयच ४५४ कोटी. त्यामुळं बदललेला अंश अगदी बारीक असतो, तो मोजावा लागतो. त्यातून पाळोळेचं वय ३४० कोटी वर्षांच्या घरात आलं.

आता आप्पांना त्यांच्या भाषेत सांगा. आपला काळा दगड, म्हणजे ज्योतिबा, पन्हाळा, अंबाबाईचं देऊळ, खिद्रापूरचा कोपेश्वर ज्याचा आहे तो बेसॉल्ट, लाव्हा थिजून झाला साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी. पाळोळेचा दगड त्याच्या पन्नासपट जुना. तो सत्तरीचा आजोबा धरला, तर ज्योतिबाचा डोंगर दीड वर्षाचं पोर.

एक मात्र सावरून लिहा. ३४० कोटी हे नमुना घेतलेल्या नाईसचं वय आहे, पाळोळेच्या प्रत्येक धोंड्याचं नव्हे. तिथं ग्रॅनाइटही आहे, ज्यात बोटाच्या पेराएवढे पांढरट-गुलाबी चौकोनी स्फटिक दिसतात. तो नाईसमध्ये नंतर घुसलेला, म्हणजे तरुण. तुमची ती गुलाबी शीरही नंतरचीच. रीळवाले ज्या गोल गुळगुळीत धोंड्यांवर बसून फोटो काढतात ते बरेचदा ग्रॅनाइटचे असतात आणि खाली लिहितात ३४० कोटी.

पंचगंगा_घाट (सोमवार, सकाळी ७:३०)

मग सगळीकडं 'भारतातला सर्वात जुना दगड गोव्यात' असं का लिहिलेलं असतं? अनमोड घाट ते मोले या पट्ट्यातल्या दगडाला तर ३६० कोटी म्हणतात. आम्ही बेळगाववरून तिकडनंच उतरतो, वडे खाऊन. दगडाकडं ढुंकून बघितलं नाही कधी.

दगडी_मास्तर (सोमवार, सकाळी ८:१५)

'सर्वात जुना' हा शब्द दिसला की मी चष्मा पुसतो. ओडिशात चंपुआजवळच्या खडकात झिरकॉन या खनिजाचे बारीक कण मिळाले, त्यातल्या एकाचं वय ४२४ कोटी वर्षं निघालं. हे २०१८ साली प्रसिद्ध झालं. अर्थात तो कण ज्या खडकात सापडला तो खडक कणापेक्षा तरुण. जुन्या वाड्याची वीट नव्या भिंतीत लावावी तसं. तेव्हा पहिला नंबर कुणाचा, हे भांडण पैलवानांवर सोडा.

त्यापेक्षा पुढच्या वेळी आंबोली उतरताना रस्त्याकडच्या कापलेल्या दरडी बघा. वर जांभा, मग बेसॉल्टचे थर. खाली सिंधुदुर्गात उतरलात की त्या थरांच्या खालचा जुना खडक उघडा पडायला लागतो. रेडीचं लोहखनिज त्याच जुन्या खडकांतलं. म्हणजे आजऱ्याहून काणकोणला जाणं हा दगडाच्या हिशोबानं जिना उतरण्याचा प्रवास आहे, एकेका पायरीला कोट्यवधी वर्षं.

मालवणचा_भाचा (सोमवार, सकाळी ११:४०)

मी कोल्हापुरात नोकरीला, आजोळ मालवण. त्या भांगवाल्या बाईंची बाजू घ्यायला आलोय.

अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका ओळीत येतात, दोघांची ओढ एक होते. भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त सरते. ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात ओढतात, तेव्हा भरतीही कमी आणि ओहोटीही अर्धवट. तो भांग. शाळेच्या भूगोलात 'भांगाची भरती' होतीच की, सगळे परीक्षा संपल्यावर विसरतात. इराणी_खण, तुमची दुपारी पावणेबाराची ओहोटी म्हणजे डोळे मिटून सांगतो, अष्टमी होती. मोबाइलवर तुम्ही वेळ बघितली, उंची बघितली नाही. वेळेखाली मीटरमध्ये आकडा असतो, खरा तो. तोच उधाणाच्या ओहोटीत अर्धा-पाऊण मीटरनं खाली जातो, आणि अर्धा-पाऊण मीटर म्हणजे पोटरी आणि कंबर यांतलं अंतर.

आजोबांचा हिशोब असा: तिथीचा आकडा घ्यायचा, पाऊणपट करायचा, आली भरतीची वेळ. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती, बाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमा पंधरावी तिथी, सव्वाअकराला भरती, सव्वापाचला ओहोटी. रोज पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढं सरकते. दिनदर्शिका भिंतीवर असली की झालं. पण हा हिशोब ढोबळ आहे. आपल्या किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडं सरकते, त्यामुळं गोव्यात मुंबईच्या आधी येते. पाळोळेला जायचं तर तक्त्यात मुरगावची वेळ बघायची.

आणि दिवसात दोन ओहोट्या असतात त्या जुळ्या बहिणी नसतात. एक जास्त सरते, एक कमी. सकाळची जमली नाही तर संध्याकाळची बघा, किंवा उलट. पावसाळ्यात दोन्ही सोडा.

शाहूपुरी_सहावी_गल्ली (सोमवार, दुपारी १:२०)

एवढा अभ्यास कशाला? अलिबागचा कुलाबा किल्ला बघा. ओहोटीला थेट चालत, घोडागाडीसुद्धा जाते. पाळोळेला कंबरभर पाण्यात मोबाइल बुडवण्यापेक्षा ते बरं.

मालवणचा_भाचा (सोमवार, दुपारी २:०५)

कुलाबा झकास आहेच, वादच नाही. पण तिथली वाट कोरडी पडते ती फुकट नाही. पाणी आपल्या किनाऱ्यावर उत्तरेकडं जावं तसं जास्त चढतं-उतरतं. गोव्यात उधाणाला दोन मीटरच्या आसपास खेळ, अलिबागला त्याच्या दुप्पट, आणि खंभातच्या आखातात भावनगरला दहा मीटरच्या आसपास. म्हणून कुलाब्याला भांगातही बऱ्यापैकी निभावतं, पाळोळेला निभावत नाही. आणि कुलाब्यालाही वेळ चुकली की लोक अडकतातच, दरवर्षी कोणीतरी होडीला हात करत असतो.

शिवाय कुलाब्याचा दगड आपल्याच भाऊबंदांतला, बेसॉल्ट. आप्पा तिथं गेले तर घरच्यासारखं वाटेल, एवढंच.

गुळाची_ढेप (सोमवार, संध्याकाळी ६:३०)

सासूबाईंना न्यायचंय. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण 'मी मागं राहणार नाही' हा स्वभाव. जमेल का? वर पाणी, सावली, टॉयलेट काही आहे का? आणि मुलं आहेत, आठ आणि अकरा.

इराणी_खण (सोमवार, रात्री ९:१५)

ताई, स्पष्ट सांगतो, दगडांवर नका नेऊ. वाळू आणि पाणी त्यांना जमेल, शेवाळाचे दगड नाही जमणार. बेटावर काही म्हणजे काही नाही. झाडी, माकडं आणि दगड. पाण्याची बाटली आपली आपण न्यायची आणि रिकामी परत आणायची.

पण त्यांना रुसवायचंही कारण नाही. किनाऱ्यावरून होडी मिळते, बेटाला वळसा घालून आणतात. आणि रेघांचा दगडच बघायचा असेल तर मास्तरांना विचारा, बेटावर न जाता किनाऱ्याच्या टोकाला दिसेल का. मुलांना मात्र नक्की न्या, पट्ट्याचे सँडल घालून. माझ्या पुतण्यानं शंखातला खेकडा हातावर घेतला होता, अर्धा तास त्याला मोबाइल लागला नाही.

जवळच आगोंद आणि गालजीबागचे किनारे आहेत, तिथं समुद्री कासवं अंडी घालायला येतात. वनखातं घरट्यांना कुंपण घालतं. हिवाळ्यात गेलात तर त्या कुंपणापाशी शांतपणे उभं राहा, मुलांना बेटापेक्षा तेच जास्त आवडेल कदाचित.

दगडी_मास्तर (सोमवार, रात्री ९:४०)

किनाऱ्याच्या टोकाच्या दगडांतही बघायला मिळेल, ओहोटीला धुतलेला ओला दगड जास्त चांगला वाचता येतो. वाळला की रेघा फिक्या पडतात. आजींना खुर्ची टाकून द्या आणि बाटलीतलं पाणी ओता दगडावर.

राजारामपुरी_एक्स्प्रेस (मंगळवार, सकाळी ९:००)

एवढ्या लांब जायचंच तर उडुपीजवळ मालपेचं सेंट मेरीज बेट का नाही? तिथले खांबासारखे षटकोनी दगड म्हणजे नाद खुळा. राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे ते. पाळोळेच्या धोंड्यांना कोण विचारतंय.

दगडी_मास्तर (मंगळवार, सकाळी १०:३०)

सेंट मेरीज जरूर बघा. भारत आणि मादागास्कर वेगळे होतानाच्या ज्वालामुखीचे ते दगड, सुमारे ८.८ कोटी वर्षांचे. पण तिथं होडीनं जावं लागतं, ओहोटीनं वाट मोकळी होत नाही. आणि देखणेपणाची स्पर्धा असेल तर पाळोळे हरेल हे मान्य. रेघांच्या दगडाला स्मारकाची पाटी नाही, म्हणून तर त्याच्यावर टॉवेल वाळत घालतात.

तांबडा_पांढरा (मंगळवार, दुपारी १२:१०)

खरं सांगा इराणी_खण, आप्पांनी एखादा गोटा खिशात घातला का नाही? चाळीस वर्षं दगडात काढलेला माणूस मोकळ्या हातानं परत यील, असं वाटत नाही मला.

पंचगंगा_घाट (मंगळवार, दुपारी १२:२५)

घातला असेल तर सांगू नका इथं. प्रत्येक जण एकेक गोटा घरी न्यायला लागला तर बेटाची खण व्हायची. आपल्या रंकाळ्याचीसुद्धा आधी दगडाची खणच होती म्हणतात.

इराणी_खण (मंगळवार, रात्री १०:०५)

पकडलंत. मला आंबोली चढेपर्यंत माहीत नव्हतं. चहाला उतरलो तेव्हा त्यांच्या सदऱ्याचा खिसा लोंबत होता. अंड्याएवढा गोटा, समुद्रानं गुळगुळीत केलेला, मधून एक पांढरी रेघ. मी रागावलो, पंचगंगा_घाट यांनी आत्ता म्हटलं तेच म्हणालो. ते काही बोलले नाहीत, चहा फुंकत राहिले. मग म्हणाले, "ठोकायला घेतल्याला गोटा तसाच हातात ऱ्हायला. परत न्हेऊन ठिवू."

सध्या तो देव्हाऱ्याशेजारच्या खिडकीत आहे. आईनं त्याला हळदकुंकू लावू नये म्हणून मी आल्या-गेल्याला बजावतोय. काल रात्री मास्तरांचं वाचून दाखवलं, तर आप्पांनी आज सकाळी चहाच्या वेळी तो ओला करून बघितला. ओला केला की पांढऱ्या रेघेच्या शेजारी आणखी एक केसाएवढी काळी रेघ दिसते, वाळला की जाते.

तेव्हा परत जाणं आलंच. येत्या पौर्णिमेचा हिशोब केला. मालवणचा_भाचा, तपासून सांगा, ओहोटी पाचच्या सुमाराला बरोबर ना? पौर्णिमेला गाडी काढायला आईची हरकत नाही, वर परत येताना चांदणं मिळेल.

मालवणचा_भाचा (मंगळवार, रात्री १०:२०)

वेळ बरोबर आहे. उंचीचा आकडा आदल्या दिवशी बघा आणि मला पाठवा. ओहोटीच्या तासभर आधी उतरा, ओहोटी झाली की अर्ध्या तासात परत. आप्पा दगडाशी बोलायला बसले तरी.

तांबडा_पांढरा (मंगळवार, रात्री १०:३१)

गाडीत जागा आहे का एक? दगडाचं मला काय कळत न्हाई, पण आप्पांचा गोटा मी धरतो.

इराणी_खण (मंगळवार, रात्री १०:४४)

मागं मधली सीट आहे. सकाळी साडेपाचला कावळा नाका. आणि भावा, कोल्हापुरी चपला घरी ठेवून ये. आप्पांची जोडी अजून गच्चीवर वाळतीय.